ऑफिसचा फोन इंटरनेटवर : छोट्या उद्योजकाने आधी काय तपासावे?

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतले एखादे छोटे मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. पंधरा-वीस माणसे, दोन शिफ्ट. मालक सकाळी फौंड्रीत, दुपारी बँकेत आणि संध्याकाळी पुण्याच्या वाटेवर. ऑफिसात एक लँडलाइन आहे. तिचा क्रमांक गेटवरच्या बोर्डावर, बिलबुकावर आणि दिवाळीला वाटलेल्या कॅलेंडरवर छापलेला आहे. पण ग्राहक त्या क्रमांकावर फारसा फोन करत नाहीत. कोटेशन हवे असेल तर मार्केटिंगच्या मुलाचा मोबाइल, माल निघाला का हे विचारायचे तर सुपरवायझरचा आणि बिलाचा घोळ असेल तर थेट मालकाचा.

एक दिवस तो मार्केटिंगचा मुलगा दुसऱ्या कंपनीत जातो. त्याच्याबरोबर त्याचा मोबाइल जातो आणि मोबाइलबरोबर चार वर्षांत जोडलेले ग्राहकही.

हे उदाहरण काल्पनिक आहे. पण कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली किंवा उद्यमनगरातल्या कोणाही उद्योजकाला ते अनोळखी वाटणार नाही. हुपरीचा चांदी व्यापारी आणि इचलकरंजीचा कापड व्यापारी यांचीही गत थोड्याफार फरकाने हीच. फोन माणसाचा झाला, फर्मचा राहिला नाही.

या दुखण्यावरचे औषध म्हणून सध्या इंटरनेटवर चालणारी ऑफिस फोन यंत्रणा विकली जाते. विक्रेते तिला 'क्लाउड टेलिफोनी', 'आयपी पीबीएक्स', 'व्हीओआयपी' अशी वेगवेगळी नावे देतात. माहितीपत्रकात चाळीस-पन्नास सोयींची यादी असते. त्यातल्या कामाच्या कोणत्या, अडचणी कुठे येतात आणि कायदा काय सांगतो, हे सही करण्यापूर्वी समजून घेतलेले बरे.

ही यंत्रणा म्हणजे नेमके काय?

पूर्वी मोठ्या ऑफिसात ईपीएबीएक्सचा डबा असायचा. बाहेरून दोन-चार लाइन यायच्या, आत वीस टेबलांवर वीस फोन असायचे आणि रिसेप्शनवरची व्यक्ती 'थांबा, जोडून देते' म्हणायची. इंटरनेट फोन यंत्रणा हेच काम करते. फरक एवढाच, की आवाज तांब्याच्या तारेऐवजी डेटाच्या छोट्या-छोट्या पाकिटांतून जातो. साधारणपणे सेकंदाला ५० पाकिटे एका बाजूला आणि तितकीच दुसऱ्या बाजूला.

ती तीन प्रकारे मिळते. पहिल्यात डबा तुमच्याच ऑफिसात बसतो आणि टेलिकॉम कंपनीकडून 'सिप ट्रंक' नावाची इंटरनेटवरची लाइन घेतली जाते. दुसऱ्यात डबा सेवा देणाऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असतो. तुमच्याकडे फक्त फोन किंवा मोबाइल ॲप असते. यालाच क्लाउड म्हणतात. तिसरा प्रकार मधला. जुना ईपीएबीएक्स तसाच ठेवून त्याला 'गेटवे' नावाचे छोटे यंत्र जोडायचे.

फोन यंत्रणेचा इतिहास छोट्या धंदेवाल्यांनीच घडवला आहे, हे आवर्जून सांगायला हवे. पहिल्या स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंजचे पेटंट १८९१ मध्ये अमेरिकेतल्या अल्मन स्ट्रोजर यांना मिळाले. त्यांचा व्यवसाय अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा. एक्स्चेंजमधली ऑपरेटर आपले कॉल प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा संशय आल्याने त्यांनी ऑपरेटरच नको असे यंत्र शोधले, अशी आख्यायिका आहे. तिकडेच १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या नव्या कंपनीसाठी ईपीएबीएक्स परवडेना. म्हणून त्याने संगणकावर चालणारे 'ॲस्टरिस्क' हे मोफत सॉफ्टवेअर लिहिले. आज बाजारातल्या कित्येक आयपी पीबीएक्सच्या पोटात तेच असते.

चाळीस सोयींपैकी रोजच्या कामाच्या किती?

छोट्या फर्मला खरा उपयोग पाच-सहा सोयींचाच होतो.

पहिली सोय म्हणजे एकच क्रमांक आणि अनेक फोन. ग्राहकाने ऑफिसचा क्रमांक लावला की आधी टेबलावरचा फोन वाजतो. वीस सेकंदांत कोणी उचलला नाही तर सुपरवायझरचा, मग मालकाचा. सगळे एकदम वाजावेत अशीही सोय करता येते. जेवणाच्या सुट्टीत केबिन बंद असल्याने सुटणारा कॉल इथेच वाचतो.

दुसरी, आपोआप उत्तर देणारा आवाज. 'विक्रीसाठी एक, डिस्पॅचसाठी दोन, अकाउंटसाठी तीन.' कागलपासून कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर. निपाणी, बेळगावकडचे ग्राहक असतील तर मराठीबरोबर कन्नडचा पर्यायही ठेवता येतो. मात्र यादी तीन पर्यायांच्या पुढे नेऊ नका. सात पर्याय ऐकून घेणारा ग्राहक मिळत नाही.

तिसरी सोय वरवर साधी, पण सर्वांत मोलाची. सुटलेल्या कॉलची नोंद. कोणाचा फोन किती वाजता आला, कोणी उचलला, किती वेळ बोलणे झाले आणि कोणाला उलट फोन गेलाच नाही, हे संध्याकाळी एका पानावर दिसते. बरेच मालक ही यादी पहिल्यांदा पाहतात तेव्हा दचकतात.

चौथी, मोबाइल ॲप. कर्मचारी बाहेर असला तरी ऑफिसच्या क्रमांकावर आलेला कॉल त्याच्या मोबाइलवर घेतो आणि त्याने लावलेला कॉल ग्राहकाला ऑफिसच्या क्रमांकावरून दिसतो. त्याचा स्वतःचा क्रमांक ग्राहकाकडे जात नाही. तो नोकरी सोडून गेला तर एक्स्टेन्शन नव्या माणसाला द्यायचे. ग्राहक फर्मकडेच राहतो. सुरुवातीच्या उदाहरणातल्या दुखण्यावर खरा उपाय हाच आहे.

पाचवी, ऑफिसची वेळ. रात्री आठनंतर कॉल आला तर निरोप नोंदवून घेतला जातो आणि तो आवाज ई-मेलवर येतो. सहावी, कॉल जोडून देणे. साहेब गाडीत असले तरी ऑफिसातून त्यांना कॉल देता येतो.

बाकी यादी, म्हणजे होल्डवरचे संगीत, रंगीत आलेख, कृत्रिम बुद्धिमत्तेचे अहवाल, नंतर पाहता येईल.

महापुरात काय झाले असते?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. दोन्ही वेळा महापुराने पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक काही दिवस थांबली. कामगार घरी, माल गोदामात, मालक वाटेत. अशा वेळी चेन्नईच्या ग्राहकाला 'माल सुरक्षित आहे, चार दिवस उशीर होईल' एवढे सांगणारा फोन उचलला गेला तरी ऑर्डर वाचते.

इथे पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारातला फरक कळतो. डबा ऑफिसात असेल आणि ऑफिसची वीज गेली तर यंत्रणाच बंद. डबा क्लाउडमध्ये असेल तर ऑफिस बंद असूनही कॉल कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर येत राहतात, अर्थात त्यांच्या गावात मोबाइलची रेंज असेल तर.

बोर्डावर छापलेल्या जुन्या क्रमांकाचे काय?

हा प्रश्न विक्रेते शेवटी काढतात. तुम्ही तो पहिल्यांदा विचारा.

मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. लँडलाइनला आपल्याकडे ही सोय नाही. म्हणजे कोल्हापूरचा ०२३१ किंवा कागलचा ०२३२५ ने सुरू होणारा तुमचा वीस वर्षांचा क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेट फोनवर जसाच्या तसा नेता येत नाही.

तीन वाटा उरतात. ज्या कंपनीची लँडलाइन आहे तिच्याकडेच सिप ट्रंकची चौकशी करणे आणि जुना क्रमांक त्यावर मिळतो का ते लेखी विचारणे, ही पहिली. जुनी लाइन चालू ठेवून ती गेटवेमार्फत नव्या यंत्रणेला जोडणे, ही दुसरी. जुन्या क्रमांकावरचे कॉल नव्या क्रमांकाकडे वळवणे, ही तिसरी. यात वळवलेल्या कॉलचे पैसे तुमच्या बिलात येऊ शकतात. काहीही करा, पण नवी यंत्रणा नीट चालेपर्यंत जुनी लाइन परत करू नका.

इंटरनेट किती लागते?

वाटते त्यापेक्षा खूप कमी. चांगल्या प्रतीच्या एका संभाषणाला प्रत्येक दिशेने साधारण ८५ ते ९० किलोबिट प्रतिसेकंद पुरतात. एकाच वेळी दहा जण बोलत असले तरी एक मेगाबिटच्या आत काम भागते. म्हणजे '१०० एमबीपीएस घ्या' हा सल्ला फोनसाठी तरी गरजेचा नाही.

महत्त्वाचे आहे ते सातत्य. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर संभाषण नैसर्गिक वाटते. त्याहून बराच उशीर झाला की दोघे एकदम बोलू लागतात आणि मग दोघेही थांबतात. डेटाची पाकिटे पुढे-मागे पोहोचली की आवाज तुटतो.

छोट्या ऑफिसात याचे कारण बहुधा आतच सापडते. डिझाइनचा संगणक मोठी कॅड फाइल पाठवत असतो, सीसीटीव्हीचे चित्रण क्लाउडवर चढत असते आणि त्याच लाइनवर फोन असतो. अपलोडची वाट अडली की समोरच्याला तुमचा आवाज तुटक येतो. उपाय सोपा आहे. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम देणारी सेटिंग करून घ्यायची आणि टेबलावरचे फोन वायफायऐवजी वायरने जोडायचे. भट्ट्या, मोटारी आणि पत्र्याच्या शेडमध्ये वायफायचा भरवसा धरू नये. शक्य असेल तर दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला राउटर पर्याय म्हणून तयार ठेवावा.

वीज गेली तर?

जुन्या लँडलाइनचा एक गुण आपण विसरलो आहोत. तिला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेने यायची, म्हणून अंधारातही फोन वाजायचा. फायबरच्या जोडणीत तसे होत नाही. फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि टेबलावरचा फोन या प्रत्येकाला तुमच्याकडची वीज लागते. यातले एक जरी बंद पडले तरी फोन मुका.

पाच फोन, राउटर, स्विच आणि फायबरचा डबा मिळून वापर साधारण ५०-६० वॅटचा असतो. एवढा भार साधा इन्व्हर्टर सहज उचलतो. पण कित्येक ठिकाणी इन्व्हर्टरवर पंखे आणि संगणक असतात, राउटर मात्र भिंतीवरच्या साध्या सॉकेटवर. इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी ते बदलून घ्या.

अपघाताच्या वेळी हा फोन उपयोगी पडेल?

कारखान्यासाठी हा सर्वांत गंभीर प्रश्न आहे. मोबाइलवरून ११२ लावला तर जागेचा अंदाज मिळू शकतो. इंटरनेट फोन कुठूनही वापरता येतो, त्यामुळे नोंदवलेला पत्ता आणि प्रत्यक्ष जागा वेगळी असू शकते. ट्रायने २०१७ च्या शिफारशीत इंटरनेट टेलिफोनीवर आपत्कालीन कॉलची सक्ती सुचवली नव्हती. या मर्यादांची कल्पना ग्राहकाला द्यावी, असे मात्र म्हटले होते.

बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य दाबण्याची ऑफिसातली जुनी सवयही इथे घातक ठरते. अमेरिकेत २०१३ मध्ये टेक्सासमधल्या एका मोटेलच्या खोलीत करी हंट या महिलेवर हल्ला झाला. तिची नऊ वर्षांची मुलगी ९११ हा आपत्कालीन क्रमांक पुनःपुन्हा लावत राहिली. पण त्या फोनवर बाहेरच्या लाइनसाठी आधी आणखी एक ९ दाबावा लागत होता. ते मुलीला माहीत नव्हते. कॉल लागलाच नाही आणि आईचा जीव गेला. त्यानंतर २०१८ मध्ये तिथे 'करीज लॉ' झाला. ऑफिस-हॉटेलातल्या नव्या फोन यंत्रणांवरून आपत्कालीन क्रमांक थेट लागला पाहिजे, असे तो सांगतो.

आपल्या यंत्रणेवरून ११२ आणि १०८ लागतात का, शून्य न दाबता लागतात का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. लागत नसतील तर प्रत्येक फोनवर 'अपघात झाल्यास मोबाइलवरून ११२' अशी चिठ्ठी चिकटवा आणि शॉप फ्लोअरवर एक चार्ज केलेला मोबाइल कायम ठेवा.

हे कायदेशीर आहे का?

आहे, पण अधिकृत कंपनीकडूनच. देशात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. तेव्हा इंटरनेट कंपन्यांना देशातल्या देशात साध्या फोनवर कॉल जोडून देण्याची मुभा नव्हती. ट्रायच्या ऑक्टोबर २०१७ मधल्या शिफारशींनंतर दूरसंचार विभागाने जून २०१८ मध्ये वाट मोकळी केली आणि पुढच्याच महिन्यात बीएसएनएलने 'विंग्ज' ही ॲपवरची फोनसेवा जाहीर केली. कॉल सेंटरसारख्या सेवांवरचे नोंदणीचे बंधन नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मधल्या बदलांनी सैल झाले. त्यामुळे घरून काम करणेही सोपे झाले.

सांभाळायच्या गोष्टी तीन आहेत.

एक, जाहिरातीचे कॉल. ऑफिसच्या नव्या यंत्रणेवरून शंभर जणांना 'सर, आमचे नवीन उत्पादन...' असे फोन लावण्याचा मोह होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने टेलिकॉम कंपन्यांना आदेश दिला, की नोंदणी न करता सिप किंवा पीआरआय लाइनवरून प्रचाराचे कॉल करणाऱ्यांच्या सगळ्या जोडण्या तोडाव्यात आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम आणखी कडक झाले. प्रचाराच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारी वेगळी मालिका आहे. शंभर अनोळखी कॉलच्या नादात ऑफिसचा मुख्य क्रमांकच बंद पडला तर ते फार महागात पडेल.

दोन, रेकॉर्डिंग. कोटेशनचा वाद मिटवायला कॉल रेकॉर्ड उपयोगी पडतो. पण समोरच्याला तसे आधी सांगा. सुरुवातीच्या संदेशात एक वाक्य घालणे पुरेसे सोपे आहे. ग्राहकाचा क्रमांक आणि आवाज ही त्याची व्यक्तिगत माहिती आहे आणि २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याचा रोख तिच्या जपणुकीवर आहे. रेकॉर्डिंग कोण ऐकू शकतो आणि ते किती दिवस ठेवायचे, हे ठरवून टाका.

तीन, 'तुमच्या जागेत एक मशीन ठेवू द्या, महिन्याला भाडे देतो' म्हणणारे. अनेक सिमकार्डे बसवलेल्या अशा यंत्रांतून परदेशी इंटरनेट कॉल स्थानिक कॉल म्हणून वळवले जातात. हे बेकायदा एक्स्चेंज आहे. दूरसंचार कायदा २०२३ नुसार परवानगीशिवाय दूरसंचार सेवा चालवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. असे कोणी भेटल्यास 'संचार साथी' पोर्टलवर कळवा.

फोनवरही दरोडा पडतो?

पडतो. ऑफिसातला आयपी पीबीएक्स इंटरनेटला जोडलेला असतो आणि त्याचा पासवर्ड '१२३४' किंवा एक्स्टेन्शनचाच क्रमांक असतो. शनिवारी रात्री कोणीतरी तो उघडतो आणि सोमवार सकाळपर्यंत तुमच्या लाइनवरून परदेशी महागडे क्रमांक लावत राहतो. बिल तुमच्या नावावर.

गरज नसेल तर आयएसडी बंद ठेवा. खर्चाची रोजची मर्यादा घाला. प्रत्येक एक्स्टेन्शनला वेगळा, लांब पासवर्ड द्या. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचे ॲप बंद करा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा.

ही यंत्रणा कोणाला नको?

दोन माणसांचे दुकान असेल तर घाई नको. फर्मच्या नावावर दोन सिम घ्या, तेच क्रमांक बिलावर छापा आणि कर्मचाऱ्याला फोनही फर्मचाच द्या. अर्धे काम तिथेच होते. 'व्हॉट्सॲप आहे की' हेही ठीक. पण व्हॉट्सॲपवरून लँडलाइन लागत नाही आणि कर्मचाऱ्याच्या खासगी क्रमांकावरचे व्हॉट्सॲप फर्मच्या हाती कधीच येत नाही. चार-पाच जण रोज ग्राहकांशी बोलत असतील, त्यातले काही बाहेर फिरत असतील आणि कॉल सुटत असतील, तर मात्र विचार जरूर करावा.

सही करण्यापूर्वी विचारायचे सात प्रश्न

१. तुमच्याकडे दूरसंचार विभागाचा कोणता परवाना आहे? प्रत दाखवा.

२. मिळणारा क्रमांक कोणाच्या नावावर राहील? सेवा बंद केली तर तो आमच्याकडे राहील का?

३. एका वेळी किती कॉल चालतील आणि सहाव्या ग्राहकाला काय ऐकू येईल?

४. क्रमांकाचे भाडे, माणशी शुल्क, मिनिटाचा दर, रेकॉर्डिंग साठवण्याचे पैसे आणि १८ टक्के जीएसटी धरून महिन्याचे एकूण बिल किती?

५. ११२ आणि १०८ लागतात का?

६. इंटरनेट बंद पडले तर कॉल आपोआप कोणत्या मोबाइलवर जातील?

७. बिघाड झाला तर कागलला माणूस किती तासांत येईल?

शेवटी एक साधी चाचणी. वर्षाच्या करारापूर्वी महिनाभर वापरून पाहा. त्या महिन्यात एकदा भर दुपारी, सगळे कामात असताना, मुद्दाम मेन स्विच पाडा आणि बाहेरून आपल्याच ऑफिसला फोन लावा. कोणीतरी उचलून फर्मचे नाव सांगितले, तर पैसे द्यायला हरकत नाही.